हक्क, अधिकार आणि हकनाक

कोथरूडच्या एका वाचकाने विचारले आहे: मुलीच्या वहीत बाईंनी ‘मूलभूत हक्क’ खोडून ‘मूलभूत अधिकार’ केले, बरोबर कोणते? संविधानाच्या मराठी प्रतीत तिसऱ्या भागाला ‘मूलभूत हक्क’ म्हटले आहे. ‘मूल अधिकार’ हिंदी प्रतीत. बाईंनी हिंदी बातम्या जरा कमी पाहाव्यात.

माझे डोके उठते ते ‘सरकारने जनतेला हक्क दिले’ या वाक्याने. देतात तो अधिकार: सहीचा, खर्चाचा, चौकशीचा. दिलेला काढूनही घेतात. हक्क असतो. सरकारने तो मानायचा आणि राखायचा. तो हिरावणारा कायदाच राज्याने करू नये, असे अनुच्छेद १३ बजावतो. टेबलामागे बसतो तो अधिकारी, रांगेत ताटकळतात ते हकदार. टिळकांचे स्वराज्यही मराठीत ‘जन्मसिद्ध हक्क’च आहे, ‘जन्मसिद्ध अधिकार’ हिंदीवाल्यांनी केले.

आता खरी गंमत. अरबीत हक्क म्हणजे सत्य. ‘अनल हक’, म्हणजे मीच सत्य, असे म्हणणाऱ्या सुफी मन्सूर हल्लाजला इ.स. ९२२ मध्ये बगदादेत मारले, त्यातला हक हाच. हकीकत त्याच घरातली. नाहकही. आणि ‘हक-नाहक’, म्हणजे न्याय असो वा नसो, हे जिभेवर घासून घासून झाले ‘हकनाक’! कुणी हकनाक मेला म्हणताना त्याच्या हक्काचा हिशेब विचारलाच गेला नाही, एवढे सगळे आपण बोलून जातो.

हुकूम, हाकीम आणि हुकूमत मात्र या घरातले नव्हेत. हक्कातला क अरबीत घशातून येतो, हुकमातला साधा. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, म्हणून लोक फसतात. नागरिकाकडे एक धातू, सरकारकडे दुसरा. माझ्या मते राज्यशास्त्राचा पहिला तास इथूनच सुरू करावा.

शुद्धिवादी म्हणतील, हक्क परका, अधिकार आपला. आपला खरा, पण त्याचा इतिहास बघा की! अधिकार म्हणजे पात्रता, आणि ती दुसऱ्याने ठरवायची. यज्ञाचा अधिकार कुणाला, वेदाचा कुणाला नाही, यावर शास्त्र्यांनी ग्रंथ भरले. कोल्हापुरात वेदोक्ताचे, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करवून घेण्याच्या अधिकाराचे, रण पेटले ते थेट शाहू महाराजांच्या पात्रतेवरून. हे ओझे वाहणारा शब्द नागरिकाच्या गळ्यात कशाला? शुद्धतेपायी अर्थ गेला तरी चालेल, ही पुणेरी खोड जुनीच आहे.

सरकारी मराठीचेही धड एक नाही. २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार’, २०१५ चा ‘लोकसेवा हक्क’. भावाच्या नावे वाटा सोडताना मात्र हक्कसोडपत्रच करतात. अधिकारसोडपत्र कुणी केलेले ऐकले नाही. आणि सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा भारदस्त रकाना आहे, त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवतात.