हालाँग बेची क्रूझ: एक रात्र की दोन?

प्रश्न: सासूबाईंना घेऊन आम्ही चौघं ऑक्टोबरमध्ये व्हिएतनामला चाललोय. हनोईत हॉटेल कुठे घ्यावं आणि हालाँग बे या उपसागरातली क्रूझ किती रात्रींची?

उत्तर: हॉटेल ओल्ड क्वार्टरमध्येच, म्हणजे शहराच्या जुन्या भागात घ्या, होआन कीएम तळ्याजवळ, पण लिफ्ट आहे का ते आधी विचारा, तिथल्या इमारती अरुंद नि उंच, आणि स्वस्त खोल्यांना कधीकधी खिडकीच नसते. क्रूझ मात्र दोन रात्रींचीच करा हो, एका रात्रीत दुपारी चढायचं नि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी उतरायचं, हातात काय उरतं? पहाटे डेकवर चहा घेऊन बसा, धुक्यातनं चुनखडीचे डोंगर एकेक करून वर येतात ना, ते बघायचंच. गर्दी नको तर शेजारचा लान हा बे बघा. वादळाचा इशारा आला की बोटी सोडतच नाहीत, म्हणून रिफंडचं लेखी घ्या आणि उतरायच्या दिवशी फ्लाइट ठेवू नका.