लंडनच्या गोदामातली वाइन आणि लेकीचे सात लाख

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ४६, राहणार सुदामानगर, इंदूर. पीथमपूरच्या औषध कंपनीत नोकरी, वर्षाचं पॅकेज ३२ लाख. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला १ लाख १० हजार जातात. गृहकर्ज १८ लाख शिल्लक, व्याज साडेआठ टक्के. बँकेत ३ लाखांची एफडी. मुलगी अकरावीत, तिच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात ७ लाख जमलेत. यंदा ५ लाख बोनस आला. गेल्या वर्षी लंडनला धाकट्या बहिणीकडे गेलो असताना तिथे रेड वाइनच्या टेस्टिंगचा कोर्स केला आणि तेव्हापासून या विषयाने झपाटलोय. तिथला एक व्यापारी फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइन आपल्या नावावर घेऊन गोदामात ठेवतो, दहा वर्षांनी विकून देतो. वर्षाला १० टक्के वाढ मिळते, असं त्याचं पत्रक सांगतं. माझ्या नावाने आरक्षण ठेवलंय, २०० पौंड आगाऊ दिलेत. बोनस आणि शिक्षणाचा फंड मिळून १२ लाख गुंतवावेत का? पत्नीचा विरोध आहे.

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा तुम्ही चाखलेल्या, बोर्दोतल्या पोइयाकच्या त्या जुन्या वाइनसाठी. ग्लास नाकाशी नेला तेव्हा शाळेतल्या लाकडी पेन्सिलच्या डब्याचा आणि वाळक्या तंबाखूच्या पानाचा वास आला, असं तुम्ही लिहिलंय. इतक्या नेमकेपणाने लिहिणाऱ्या माणसाला या विषयाची खरीच ओढ आहे. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून तुमची बोळवण करणार नाही.

पण निर्णय आधीच सांगते. लेकीच्या सात लाखांना हात लावू नका. बारा लाखांची योजना सोडून द्या. वाइनसाठी दीड लाख जरूर काढा, मात्र घरच्या हिशेबात ते खर्चाच्या रकान्यात लिहा.

आता व्यापाऱ्याचं पत्रक घेऊ. पौंड ११५ रुपये धरला तर तुमचे बारा लाख म्हणजे ढोबळ १० हजार पौंड. पत्रकातच बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: साठवण आणि विमा वर्षाला १५० पौंड, विक्रीच्या वेळी १० टक्के कमिशन. त्याने सांगितलेली १० टक्के वाढ दहाही वर्षं मिळाली असं मानू. दहा हजारांचे सुमारे २५,९०० होतील. कमिशन जाऊन २३,३०० राहतील, दहा वर्षांचं भाडं वजा केलं की २१,८००. नफ्यावर आपल्याकडे साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली कर लागेल. सगळं वळतं करून हातात २०,२०० पौंडांच्या आसपास येतात, म्हणजे वर्षाला सव्वासात टक्के. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के देतोय, तेही करमुक्त. आणि तुमचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे. पत्रकातला शब्द न् शब्द खरा ठरला, तरी ही वाइन तुमच्या स्वतःच्या कर्जाच्या व्याजाला गाठत नाही.

वाढ १० ऐवजी ६ टक्के झाली तर? मग हातात सव्वातीन ते साडेतीन टक्के उरतात.

दहा टक्के दरसाल मिळतील असं मानायला आधारही नाही. लंडनमध्ये २००० साली सुरू झालेला लिव्ह-एक्स हा वाइन व्यापाऱ्यांचा बाजार आहे, त्याचे निर्देशांक पाहा. २०११ च्या मध्यापर्यंत चीनच्या मागणीवर बोर्दोचे भाव आकाशाला भिडले आणि मग काही वर्षं घसरत राहिले. पुढे २०२२ च्या शरद ऋतूत पुन्हा शिखर गाठलं, पुन्हा घसरण झाली. २००९ आणि २०१० ही बोर्दोची दोन उत्कृष्ट सालं. त्या वाइन बाटलीत भरण्याआधी, पिंपात असतानाच ज्यांनी चढ्या भावाने आगाऊ घेतल्या, त्यांतल्या अनेकांना पुढे कित्येक वर्षं तीच वाइन बाजारात स्वस्त मिळताना दिसली. वाइन उत्तम होती. दिलेला भाव जास्त होता. या आगाऊ विक्रीला ‘ऑन प्रिमर’ म्हणतात: द्राक्षं खुडल्यानंतरच्या वसंतात पैसे द्यायचे, बाटली साधारण दोन वर्षांनी मिळते. बोर्दोतल्या शातो लातूरसारख्या पहिल्या पंक्तीच्या वाइन-उत्पादक घराने २०१२ मध्ये ही पद्धत सोडली आणि वाइन स्वतःकडेच मुरवून विकायला सुरुवात केली. मुरण्याची किंमत उत्पादक स्वतःच घेऊ लागला, तर मधल्या गुंतवणूकदाराच्या वाट्याला काय येणार?

शिवाय चलनाचं ओझं आहे. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. त्याआधी शंभरीच्या घरात असलेला पौंड काही महिन्यांत ऐंशीच्या पुढेमागे आला. मुलीच्या प्रवेशाच्या महिन्यात असंच काही झालं, तर कॉलेज थांबणार नाही.

वहिनींचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उडवून लावलाय: ‘ती म्हणते, सोनं घे.’ सोनं घ्या असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या बोलण्यातलं मर्म ऐका. बांगडी घेऊन सकाळी सराफ्यात गेलात, तर रात्रीच्या खाऊच्या गाड्या लागायच्या आत पैसे हातात असतात. तुमची वाइन इंदुरात कोणाला विकणार? मध्य प्रदेशात परवान्याशिवाय एक बाटली विकणंही आबकारी कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे विक्री तिकडेच, त्यांच्या बाजारात, त्यांच्या कमिशनवर, गिऱ्हाईक मिळेल तेव्हा. बारावीनंतर फी भरायला सहसा पंधरवडासुद्धा मिळत नाही.

‘मग माल इकडेच आणतो,’ असंही तुम्ही लिहिलंय. प्रवासात माणशी २ लिटर मद्य करमुक्त आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी घातली की सव्वादोन लिटर होतात. मागवायची म्हटलं, तर आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क आहे. ऑस्ट्रेलियन वाइनवर मात्र डिसेंबर २०२२ च्या करारामुळे ते टप्प्याटप्प्याने उतरतंय. घरात किती ठेवता येते यालाही मर्यादा आहे. राज्याच्या २०२२-२३ च्या धोरणात घरगुती बारचा परवाना आला, तो वर्षाला एक कोटी उत्पन्न असणाऱ्यांसाठी, ५० हजार रुपये शुल्क भरून. धोरण दरवर्षी बदलतं, म्हणून चालू मर्यादा आबकारी कार्यालयातूनच विचारून घ्या.

आणि घरी ठेवून ती टिकेल का? मुरणाऱ्या रेड वाइनला १२ ते १४ अंश तापमान लागतं, अंधार लागतो, हवेत ओल लागते. बूच वाळू नये म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते. शब-ए-माळव्याचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं, कौतुक मलाही आहे, पण मे महिन्यातल्या दुपारी पारा ४२-४३ वर जातो तेव्हा लोखंडी कपाटातली वाइन फुगून बूच वर ढकलते. बाटलीच्या मानेवर चिकट ओघळ दिसला की समजायचं, आत हवा गेली. वाइन कूलर घेतलात तर तो बारा महिने चालू हवा, वीज गेली की इन्व्हर्टरवर. इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या कॉर्शमला दगडाच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली, अशा वाइनचं कोठार आहे. खरेदी करायचीच तर ती तिकडच्या बॉंडेड गोदामातच राहू द्या. तिथे असेपर्यंत ब्रिटनची ड्यूटी आणि २० टक्के व्हॅट लागत नाही, बाहेर काढताना लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर रक्कम परदेशी गुंतवणुकीसाठी पाठवली की वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तुमच्या बाबतीत ४० हजार. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकतो. परदेशातल्या गुंतवणुकीच्या पेट्या रिटर्नच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवाव्या लागतात, आणि ते शेड्यूल आलं की आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही. रक्कम लहान असली तरी हे चुकवू नका.

फसवणुकीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मीच काढते. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात फ्रान्सच्या बरगंडीतल्या पोंसो घराण्याच्या क्लो सॅं-दनी या वाइनच्या बाटल्या आल्या. काहींवर १९४५ साल होतं. त्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली होती. लोराँ पोंसो स्वतः विमानाने आले आणि त्यांनी त्या बाटल्या लिलावातून काढायला लावल्या. विक्रीला ठेवणारा रुडी कुर्नियावान २०१३ मध्ये दोषी ठरला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आयुष्यभर वाइन चाखणारे जाणकार त्याच्या बाटल्यांना फसले होते. तुमच्या व्यापाऱ्याकडून एकच गोष्ट लेखी मागा: पेटी गोदामाच्या नोंदीत तुमच्या नावावर असेल की त्याच्या? त्याच्या नावावर असेल आणि त्याचं दिवाळं निघालं, तर देणेकऱ्यांच्या रांगेत तुम्हीही उभे राहाल.

आता दीड लाखांबद्दल, कारण त्यात मला तुमच्याइतकाच रस आहे. बोनसचे उरलेले साडेतीन लाख एफडीला जोडा. सहा महिन्यांचा खर्च जवळपास उभा राहील, आज तो तीन महिन्यांचाही नाही. दीड लाख तीन वर्षांत वाटा, दर वर्षी साधारण ४३० पौंड. तेवढ्यात गोदामाच्या भावाने ३०-३५ पौंडांची बाटली धरून सहा-सहाच्या दोन पेट्या येतात. बोर्दोच्या नामांकित वाइन-घरांच्या १८५५ च्या यादीतल्या लाफीत, मार्गो या नावांकडे बघूच नका. तिथे तुम्ही लेबलचे पैसे मोजता. इटलीतल्या बार्बारेस्को गावच्या शेतकऱ्यांची १९५८ सालची सहकारी संस्था आहे, प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को. नेब्बियोलो द्राक्षाची त्यांची वाइन या भावात मिळते आणि दहा वर्षं सहज मुरते. स्पेनमधल्या रियोखा भागाची ‘ग्रान रेसेर्वा’ वाइन किमान पाच वर्षं ठेवूनच बाजारात येते. म्हणजे वाट पाहण्याचा बराचसा खर्च उत्पादकाने आधीच सोसलेला असतो.

पेटी घेण्याआधी एक सुटी बाटली घ्या आणि ती दोन-तीन संध्याकाळी थोडी थोडी चाखून बघा. गेल्या डिसेंबरात नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात मी हे करून पाहिलं. आग्रा-मुंबई रस्त्याने गेलं तर ते आपल्याला लांब नाही. कॅबर्ने द्राक्षाच्या रेड वाइनचा पहिला घोट घेतला आणि हिरड्या अशा आकसल्या की जणू कच्चं जांभूळ चावलं. मागोमाग जिभेच्या कडांना पाणी सुटलं. तुरटपणा आणि आंबटपणा, वाइनला वर्षानुवर्षं उभं ठेवणारे खांब हेच. पण या दोघांच्या मध्ये फळाचा गर नसेल, तर दहा वर्षांनी नुसता तुरटपणा उरेल. उरलेली अर्धी बाटली बूच लावून खोलीवर नेली. दुसऱ्या संध्याकाळी तुरटपणा मवाळ झाला होता आणि काल दडून बसलेला काळ्या मनुकांचा वास वर आला होता. दुसऱ्या दिवशी जी सुधारते तिच्यात बळ आहे, जी रात्रीतच कोमेजते ती लवकर पिऊन टाकावी. आपल्याकडच्या बहुतेक रेड लवकर पिण्यासाठीच केलेल्या असतात. अकलूजची सेत्ते किंवा ग्रोव्हरची ला रिझर्व्ह यांसारख्या मोजक्या चार-सहा वर्षं छान चालतात. तुमची जीभ तयार करायला त्या पुरेशा आहेत.

तुम्हाला ‘गुंतवणूक’ हा शब्द का हवासा वाटतो, तेही मला कळतं. खर्च म्हटलं की घरात अपराधी वाटतं. माणिकबाग राजवाड्यावरून तुम्ही रोज जात असाल. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात तिथे युरोपातलं अत्याधुनिक फर्निचर आणलं, शिल्पकार ब्रांकुशीची शिल्पं घेतली. ते फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावाला गेलं, आणि त्यातल्या वस्तूंना आज जगभर मोठा भाव आहे. महाराजांनी ती राहायला घेतली होती. तुम्हीही वाइन प्यायला घ्या आणि वहिनींना तसंच सांगा. सात लाख जागच्या जागी आहेत हे कळलं, की त्यांचा विरोध उरेल असं मला वाटत नाही.

राहिले ते सात लाख. मुलगी दोन वर्षांत कॉलेजात जाईल, तरी पैसे अजून इक्विटी फंडात आहेत असं तुमच्या तक्त्यावरून दिसतं. पुढच्या बारा महिन्यांत दरमहा थोडे थोडे करून ते कमी जोखमीच्या डेट फंडात किंवा एफडीत हलवा. पहिला हप्ता याच महिन्यात. आणि बहिणीला आजच कळवा, की तुमच्या नावाने ठेवलेलं आरक्षण तिने व्यापाऱ्याकडून लेखी रद्द करून घ्यावं, आगाऊ दिलेले २०० पौंड परत मागावेत आणि त्यांतूनच बार्बारेस्कोची एक सुटी बाटली घेऊन ठेवावी. पुढच्या खेपेला ती तीन संध्याकाळी पुरवून प्या, आणि तिसऱ्या दिवशी कशी लागली ते मला लिहा.