मागची उंची लावताना

भावा, गाडीला उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन बसवल्यावरचा तुझा फोटो बघितला. पुढं गाडी झक्कास बसलीय, मागं मात्र बूड उचललेलं दिसतंय. तरी लगेच कॉलर (स्प्रिंगची उंची बदलणारी आट्यांची रिंग) फिरवायला घेऊ नकोस, आधी मोज. सपाट जागेवर उभी कर, चारी टायरची हवा बघ, टाकी निम्मी असू दे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लाव आणि चारी आकडे लिहून ठेव. जमिनीपासून मोजलंस तर टायरची झीजही त्यात येते.

तुझ्या गाडीला मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम), म्हणजे स्प्रिंग वेगळी, शॉक अ‍ॅब्सॉर्बर वेगळा. उंची ठरते स्प्रिंगच्या अ‍ॅडजस्टरवर. स्प्रिंग चाकाच्या पुढं बसलेली असली की कॉलर 5 मिलिमीटर उतरवल्यावर चाकापाशी त्याहून जास्त फरक पडतो. म्हणून जरा जरा उतरव, दोन्हीकडं सारखं. जॅक काढल्या काढल्या मोजू नकोस, स्प्रिंग बसलेली नसते. रंकाळ्याला एक चक्कर टाकून ये, मग टेप लाव.

मागं थोडं उंचच बरं, माझं तर हेच मत. पन्हाळ्याला चौघं निघालात, डिकीत सामान पडलं, की मागचं आपोआप खाली येतं आणि खड्ड्यात बंप स्टॉपवर (सस्पेन्शन शेवटी टेकतं त्या रबरी ठोकळ्यावर) आपटतं. हेडलाइटही वर बघायला लागतो, तो परत सेट करून घे.

उद्यमनगरातल्या गॅरेजात कुणी ‘स्प्रिंगचं वेटोळं कापून देतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हण. चाक लटकलं की तोकडी स्प्रिंग जागा सोडते.

आणि हो, कॉलर सी-स्पॅनरनंच (रिंगच्या खाचेत अडकणाऱ्या वाकड्या पान्यानं) फिरव. छिन्नी-हातोडा लावलास तर आटे गेलेच समज.