कवितेशेजारी कुठला फोटो ठेवावा?

तुम्ही विचारलंय, की आवडत्या कवितांशेजारी मोबाइलवर काढलेले घरचे फोटो ठेवून खाली मनातलं चार ओळी लिहायचं ठरवलं, पण तिसऱ्याच पानापासून सगळं शुभेच्छापत्रासारखं दिसायला लागलं, काय चुकतंय? मी सहा वर्षं अशी वही करतेय. हे दुखणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे.

कवितेत जे चित्र आहे तेच फोटोत आलं की पान मरतं. बालकवींच्या ‘औदुंबर’साठी मी आधी ओढ्याचा फोटो लावला होता. पाणी होतं, हिरवळ होती, काठावर झाडही होतं. पण ‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन’ वाचताना जो झरा डोळ्यांपुढे येतो, त्याच्याशेजारी माझा ओढा फिका पडला. कवीनं आठ ओळींत सगळं उभं केलंय, तिथे माझ्या ओढ्याची गरजच नव्हती.

पुढे वर्षभरानं तेच पान पुन्हा केलं. बाबा एसटीत कंडक्टर होते. अजूनही संध्याकाळी पाय सुजले की मागच्या पडवीत खुर्ची टाकून, मिठाच्या कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसतात. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाण्यात पावलं जरा वाकडी दिसतायत, घमेल्याच्या कडेला मिठाचा पांढरा ओघळ. त्यांना विचारून गुडघ्याखालचाच फोटो काढला आणि शेजारी कवितेची शेवटची ओळ लिहिली: ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. त्या कवितेत झरा वाहतो, पायवाट डोहाकडे चालत जाते. निवांत बसलेला एकटा औदुंबर. जन्मभर चालत्या गाडीत उभं राहिलेल्या माणसाचं बसणं बघताना मला ती ओळ आठवली.

खाली ‘बाबा औदुंबरासारखे’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते फोटो आणि ओळ शेजारी ठेवल्यावर कळतंच. टिपणात या दोन्हींत नसलेलं काहीतरी हवं. मी लिहिलं: ‘ड्यूटीवरून आले की बाबा आधी दाराच्या चौकटीला टेकायचे, मग बूट काढायचे. लहानपणी मला वाटायचं, ते दार नीट बसलंय का बघतात.’ एवढंच.

म्हणून माझा आग्रह असा, की फोटो आधी, कविता नंतर. कविता हातात घेऊन फोटो शोधायला निघालात की सूर्यास्त आणि दवबिंदूच सापडतात. बहिणाबाईंच्या ‘अरे संसार संसार’शेजारी सगळे तवा लावतात. माझ्या पानावर मिक्सरमागे ठेवलेली बर्नॉलची ट्यूब आहे, झाकणावर ज्वारीच्या पिठाचं बोट उमटलेलं. भाकरी शिकत होते तेव्हाची.

तिथलं ‘मियते’ मात्र ‘मिळते’ करू नका. ती त्यांची बोली आहे. ओळी फॉरवर्डमधून उचलू नका, पुस्तक उघडून ताडून बघा. फॉरवर्डमध्ये कवीसुद्धा बदललेला असतो. फोटोवर अक्षरं छापू नका, दोन्ही गुदमरतात. कविता शेजारी, मोकळ्या जागेत. उजेड खिडकीचा पुरतो.

वही घरापुरती असेल तर प्रश्न नाही, पण लोकांसमोर ठेवणार असाल तर हक्कांचं बघा. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. केशवसुत (1905), बालकवी (1918), मर्ढेकर (1956) यांच्या कविता पूर्ण देता येतात. बहिणाबाईंचा संग्रह त्यांच्या पश्चात 1952 साली आला, त्याचीही मुदत संपली. कुसुमाग्रज 1999 साली गेले, इंदिरा संत 2000 साली. त्यांची आख्खी कविता परवानगीशिवाय नको. जिच्यावर लिहिताय ती एखादी ओळ, कवीचं आणि संग्रहाचं नाव, इतकं ठेवा.

आणि पान रिकामं राहिलं तर राहू द्या. मर्ढेकरांची मुंबई बंदरावरची, ‘माघामधली प्रभात सुंदर’ ही ओळ असलेली कविता मी चार वर्षांपूर्वी उतरवून ठेवलीय. दोन माघांत पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन आले. फोटो चांगले आले, पण ते बंदराचेच होते. डावं पान अजून कोरं आहे.