मार खाऊन घरी यायचं का?

प्रश्न: ताई, मुलगा पाचवीत आहे. मागच्या आठवड्यात डब्याच्या सुट्टीत वर्गातल्या एका पोट्ट्याने याची बॅट ओढली, याने सोडली नाही तर ढकलून दिलं, कोपर सोललं. मिस्टर म्हणतात, एक पडली तर दोन देऊन ये, रडत घरी यायचं नाही. शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘अहिंसा परमो धर्मः’ दहादा लिहून घेतात. पोरगा विचारतो, आई मग मी नेमकं करू काय? – एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: अहो, प्रश्न पोराचाच बरोबर आहे, बाबा सांगतात मार, फळा सांगतो मारू नको, पण बॅट ओढली जात असताना काय करायचं ते कोणीच सांगत नाही. दहादा लिहून फार तर अक्षर सुधारेल.

दीक्षाभूमीवर गेल्या असालच तुम्ही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथे लाखो लोकांना पंचशील दिलं, त्यातलं पहिलंच शील हिंसेपासून दूर राहण्याचं, आणि त्या पाली ओळीत शब्द आहे ‘सिक्खापदं’, म्हणजे शिकायचा नियम. शिकायचा, हं! सायकलसारखा, पडत-झडत.

मग शिकवा ना. संध्याकाळी हॉलमध्ये तुम्ही तो दुसरा पोट्टा व्हा आणि बॅट खरंच ओढा (जोरात ओढा, लाडात नाही). त्याने ताठ उभं राहून मोठ्या आवाजात म्हणायचं, "बॅट माझी आहे, सोड. खेळायचं तर बॉलिंग टाक." नाही सोडली तर बॅट गेली तरी चालेल, सरळ बाईंकडे जायचं, ही चुगली नाही हे त्याला स्पष्ट सांगा. अंगावर आलाच तर हात धरायचा, ओरडायचं, निसटायचं. पहिल्या दिवशी तो हसेल नाहीतर रडेल, चार-पाच दिवसांत आवाज निघतो.

मिस्टरांना भीती आहे की पोरगा भित्रा होईल, आणि ती काही खोटी नाही. खुद्द गांधीजींनी 1920 मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलंय की भित्रेपणा आणि हिंसा एवढ्या दोनच वाटा असतील तर मी हिंसा सुचवेन. म्हणून तर तिसऱ्या वाटेची प्रॅक्टिस लागते, आणि हॉलमधल्या नाटकात बाबांनाही घ्या, त्यांना ओढायला आवडेल!

बाईंनाही भेटा, तक्रार घेऊन नको, तासाला एकदा हेच नाटक करून बघाल का असं विचारा. मी स्वतः वीस वर्षं शिकवलं, "भांडू नका रे" असं ओरडत टेबलावर पट्टी आपटायची, आणि पोरं माझ्याकडून पट्टी आपटणं तेवढं शिकली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे, घरातल्या चापटीला कायदा विचारत नाही, तिथे आपणच बघायचं.

आणि हो, त्या दुसऱ्या पोट्ट्याकडे स्वतःची बॅट आहे का, तेवढं विचारून घ्या. बहुतेक नसेल. रविवारी दोघांना तर्री-पोहे खायला न्या, पण सॉरी म्हणायला लावू नका.