‘संकटाने धीर’? संकटात तर धीर सुटतो ना?

प्रश्न असा आलाय: एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या वडिलांच्या अंत्यविधीत पाळकसाहेबांनी वाचलं, ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते’. पण मराठीत संकटात धीर सुटतो, खचतो. संकटाने धीर येईल कसा? आणि हे शील म्हणजे पंचशीलातलंच का?

शंका रास्त आहे. आपण एकमेकांना धीर देतो, म्हणजे धीर बाहेरून येतो आणि संकट आलं की जातो, अशीच आपल्याला सवय. ही ओळ बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातली, येशूचा प्रेषित पौल याने साधारण इ.स. ५७ मध्ये ग्रीकमध्ये लिहिलेली, आणि तिथे धीरासाठी शब्द आहे हुपोमोने. हुपो म्हणजे खाली, मोने म्हणजे राहणं. ओझ्याखालून पळून न जाता टिकून राहणं. म्हणजे हा ‘धीर दिला’मधला धीर नाही, ‘धीर धर’मधला आहे, आणि धरायची वेळ संकटाशिवाय येतच नाही, त्यामुळे माझ्या मते अनुवाद बरोबर आहे.

संकट हा शब्द तर मला फारच चपखल वाटतो. संस्कृतात त्याचा जुना अर्थ अरुंद, चिंचोळं. ग्रीक शब्द थ्लिप्सिस, तोही दाबणं, चेपणं यातूनच आलेला, आणि जीवनाकडे नेणारा मार्ग अरुंद आहे असं येशू म्हणतो तिथे त्याच धातूचं रूप आहे.

आता धीर म्हणजे गप्प सोसणं का? बरेच जण तसं समजतात, चर्चमध्येसुद्धा, आणि रडणाऱ्या माणसाला ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणून ऐकवतात त्याचं मला खरंच वाईट वाटतं. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात ईयोबाचं, म्हणजे सगळं काही गमावलेल्या एका नीतिमान माणसाचं, उदाहरण देताना हाच हुपोमोने शब्द आहे, आणि ईयोब तर आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला थेट जाब विचारतो, पण देवाकडे पाठ फिरवून निघून जात नाही. पौलाने स्वतःसुद्धा शरीरातला काटा (आपल्या एका पीडेला तो असं म्हणतो) काढ म्हणून देवाला ३ वेळा विनंती केली होती, काटा गेला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. माणसांचं सहन करणं, राग आवरणं यासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, माक्रोथुमिया. पौलाच्याच गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळांत, म्हणजे पवित्र आत्म्याने येणाऱ्या गुणांच्या यादीत, मराठीत जी ‘सहनशीलता’ आहे ती ही.

शीलावर मात्र माझं दुमत आहे. शील म्हटलं की आपल्याला पंचशील आठवतं नाहीतर चारित्र्य. मूळ शब्द डोकिमे, पारखून खरं ठरलेलं असणं. मी तिथे ‘कस’ म्हटलं असतं. आईच्या पाटल्या मोडायला नेल्या तेव्हा सराफाने काळ्या कसोटीवर एक पाटली घासली, पिवळी रेघ उठली, तिच्यावर ॲसिडचा थेंब सोडला आणि आम्ही दोघं बघत बसलो, रेघ तशीच राहिली. दगडाने सोनं तयार केलं नव्हतं, ते आहे हे दिसलं एवढंच. पौलाचं म्हणणं याच्या जवळचं आहे, फक्त तो एक पाऊल पुढे जातो, या घासण्यात माणूस घडतोही असं त्याचं म्हणणं.

पंडिता रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणायला हिब्रू आणि ग्रीक शिकून वर्षानुवर्षं खपून काम केलं. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी केडगावला ते काम चालूच राहिलं, एप्रिल १९२२मध्ये त्या स्वतः गेल्या आणि ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला. हुपोमोनेचा अर्थ कुणी विचारला की मला आधी त्या आठवतात.

आणि तुम्ही ऐकलेलं वचन तिथे संपत नाही, पुढचं वाक्य आहे ‘आशा लाजवत नाही’, आणि त्याचं कारण पौल आपल्या सोसण्यात शोधत नाही, पवित्र आत्म्याच्या द्वारे अंतःकरणात आलेली देवाची प्रीती हे कारण तो देतो. मैत्रिणीला मेसेज करणार असाल तर तेवढं वाक्यही सोबत लिहा.