वाचकांचे प्रश्न : मुलाखतीत बोलायचं काय?

प्रश्न : यंदा बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झाले. वर्गीकरण-तालिकीकरणात गुण चांगले आहेत. पण मुलाखतीत 'वाचकाला मदत कशी कराल?' असं विचारलं की दोन वाक्यांत थांबते. इंग्रजी संभाषणाचा क्लास लावू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : क्लास नंतर बघू. तुम्हाला कमी पडतोय तो काउंटरवरच्या बोलण्याचा सराव.

समजा, तासगावचा बागायतदार येऊन म्हणतो, 'द्राक्षाचं पुस्तक द्या.' नवखा ग्रंथपाल ६३४.८ (ड्युई वर्गीकरणातला द्राक्षांचा क्रमांक) च्या कपाटाकडे बोट दाखवतो. शेतकरी चार पुस्तकं चाळतो आणि न बोलता निघून जातो. त्याला हवी असते ऑक्टोबर छाटणीनंतर आलेल्या डावणी रोगाची माहिती. लोक विषय सांगतात, गरज सांगत नाहीत. ती काढून घ्यावी लागते. 'कशासाठी हवंय?' हा प्रश्न झडतीसारखा वाटतो. त्यापेक्षा 'बागेत सध्या काय चाललंय?' विचारा. उत्तर ऐकून आपल्या शब्दांत परत सांगा : 'म्हणजे डावणीची लक्षणं आणि फवारणी, बरोबर?' मग कपाटापर्यंत सोबत जा. फवारणीचं पुस्तक देताना प्रकाशनवर्ष बघायलाच हवं. जुन्या पुस्तकातलं औषध आज चालेलच असं नाही, म्हणून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा ताजा सल्लाही काढून द्या. निघताना 'हवं ते मिळालं का?' हे विचारायला बहुतेक जण विसरतात.

सराव तिघींनी करा. एकीने खरी गरज चिठ्ठीवर लिहायची, पण तोंडाने फक्त विषय सांगायचा. दुसरीला पाच मिनिटं. तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुस्तकाचं नाव घ्यायचं नाही. दुसरीने कुठे मध्येच तोडलं ते तिसरीने टिपायचं. मग भूमिका बदला. नेहमीची चूक म्हणजे प्रश्न विचारून आपणच उत्तर सुचवणं. प्रश्नानंतर मनात चारपर्यंत मोजा.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ ची पाच सूत्रं मुलाखतीत सगळेच म्हणून दाखवतात. तुम्ही चौथं, 'वाचकाचा वेळ वाचवा', घ्या आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी आलेला एखादा वाचक सांगा : काय मागितलं, काय विचारलं, काय दिलं. दोन मिनिटं पुरतात.

बायोडेटातून 'उत्तम संवादकौशल्य' काढून टाका. कोहात (ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालीत) किती पुस्तकांच्या नोंदी केल्या, दाखल नोंदवहीशी (आलेल्या पुस्तकांच्या रजिस्टरशी) ताळा कसा घेतला, ते लिहा. आकडा खराच हवा, कारण समोर संगणक ठेवून 'एक नोंद करून दाखवा' म्हणू शकतात. मार्क पद्धतीच्या नोंदीतले रकाने, म्हणजे ०२० आयएसबीएन, १०० लेखक, २४५ शीर्षक, एवढं तरी न अडखळता यावं.

इंग्रजी लागतं, विशेषतः महाविद्यालयात. ऑनलाइन नियतकालिकात लेख कसा शोधायचा, हे पाच मिनिटं इंग्रजीत समजावण्याचा सराव रोज मोठ्याने करा.